हिसका न देता

"दुधनी! दुधनी कोन कोन हाय? चला, उतरा लौकर, मागून गाडी यायलीय!"

अंबाजींनी टेबलावर दोन टकोरे मारले आणि कल्लप्पांनी ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बस थांबली ती युरोपातल्या कुठल्याशा गावात. बर्फ पडत होतं. लांब कोट घातलेली एक बाई आणि पाठीला पिशवी लावलेला एक तरुण खाली उतरले. दुधनीला उतरणाऱ्या माणसांचं त्यांच्यात काहीच नव्हतं. पण कल्लप्पांच्या अफजलपूर–सोलापूर गाडीत एकोणीस वर्षं तिकिटं फाडलेल्या अंबाजींना त्याची पर्वा नव्हती. पहिला मोठा थांबा दुधनी, मग मैंदर्गी, मग अक्कलकोट, मग वळसंग. गेममधल्या गावांना काही का नावं असेनात.

"राईट!" अंबाजी म्हणाले.

बस निघाली. पुढे मोठं शहर लागलं, इमारती दाट झाल्या, आणि पडदा अडखळायला लागला. बस जागच्या जागी गोठायची आणि एकदम चार हात पुढे उडी मारायची. सिग्नलवरची माणसं इथून तिथे टपकायची. कल्लप्पांनी वेग कमी केला, तरी हिसके कमी होईनात. शेजारच्या खुर्चीत अंबाजींनी डोळे मिटून टेबलाची कड धरली होती.

"चक्कर यायलीय का रे?"

"न्हाई. डोळ्यात काय तरी गेलंय."

याच शहरात, याच चौकात, सलग तिसऱ्या दिवशी अंबाजींच्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून भोवळ त्यांना लवकर येई. पण ते कबूल करणारा माणूस तो नव्हे.

कल्लप्पांनी गाडी बाजूला घेतली आणि गेम बंद केला. त्या दिवशी त्यांना चहा गोड लागला नाही.

एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. फार मोठी कामगिरी म्हणून कुणी दाखवावी असं त्या नोकरीत काही घडलं नव्हतं. एक मात्र होतं. कल्लप्पांची गाडी हिसका देत नाही, हे अफजलपुरापासून अक्कलकोटापर्यंत लोकांना ठाऊक होतं. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकीला आईबाप आधीची गाडी सोडून त्यांच्या गाडीत बसवत. अंड्यांचे ट्रे मांडीवर घेऊन येणारा एक माणूस तर सुट्टीच्या दिवशी डेपोत येऊन, "आज कल्लप्पाण्णा न्हाई? मग उद्या जातो," म्हणून परत गेला होता. आणि आता, निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर, घरातल्या खुर्चीत बसून त्यांच्या गाडीने अंबाजीला भोवळ आणली होती.

हा गेम त्यांच्या मुलीने, हेमावतीने, आणला होता. ती बेंगळुरूला नोकरीला. शिकत असतानाचा तिचा कॉम्प्युटर घरी पडून होता. मागच्या दिवाळीला तिने त्यात बस चालवायचा गेम घातला आणि टेबलाला आवळायचं स्टिअरिंग आणि पायांशी पेडल आणून जोडले. "खोट्या गाडीत काय बसायचं," असं म्हणत कल्लप्पा बसले आणि पहिल्याच वळणावर त्यांचा हात आपोआप इंडिकेटरकडे गेला. आठवडाभरात दोन गल्ल्या पलीकडचे अंबाजी काठी टेकत येऊन शेजारी बसायला लागले. तेव्हापासून रोज दुपारी तीनची गाडी चुकली नव्हती.

रविवारी हेमावतीचा फोन आला, तेव्हा कल्लप्पांनी हिसक्यांचं सगळं सांगितलं.

"अप्पा, ते ग्राफिक कार्ड जुनं झालंय. मोठं शहर आलं की त्याला चित्रं काढायला झेपत न्हाई."

"मग बदलू की."

"आत्ता नको. नव्या पिढीची कार्डं पाडव्याच्या सुमाराला यायलीत. त्याच पैशात दुप्पट ताकद मिळंल. चार महिने थांबा."

"चार महिने?"

"असेच जातील अप्पा."

कल्लप्पा दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोर नेत्रावतीच्या दुकानात गेले. कॉम्प्युटर विकणं आणि दुरुस्त करणं, दोन्ही ती एकटी सांभाळायची. गिऱ्हाइकाला नको ते गळ्यात मारत नाही, असा तिचा लौकिक होता.

"काका, दुकानदार म्हून मी घ्याच म्हणायला पाहिजे," ती म्हणाली. "पर तुमची लेक बरोबर सांगायलीय. थांबा. इतके दिवस काढलाव, आनखी थोडे काढा."

दोघींचं एकमत झाल्यावर प्रश्नच मिटला. कल्लप्पांनी थांबायचं ठरवलं आणि तोवर काय करता येईल ते पाहायला लागले. त्यांनी गेममधली चित्रं हलकी करून पाहिली.

"ही झाडं कामून पुठ्ठ्याची दिसायलीत?" अंबाजींनी विचारलं.

मग कल्लप्पांनी असा रस्ता शोधला ज्यावर शहरच नव्हतं. दोन्हीकडे कुरणं, लांबवर डोंगर, मध्ये सरळ डांबरी रस्ता. गाडी लोण्यासारखी चालली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. अंबाजी हात मांडीवर ठेवून गप्प बसले होते. थांबाच येत नव्हता, मग हाक कशाची देणार?

"आज एक्सप्रेस व्हय?" शेवटी त्यांनी विचारलं.

कल्लप्पा हसले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा शहराचा रस्ता घेतला. हिसके बसले, अंबाजींच्या डोळ्यात पुन्हा काहीतरी गेलं, आणि मैंदर्गी कोण हाय म्हणून हाकही आली.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या दहा दिवसांवर आली असताना, चहाचा कप खाली ठेवता ठेवता अंबाजी म्हणाले, "शिवशंकर यायलाय. अमावस्येच्या चवथ्या दिशी."

शिवशंकर म्हणजे त्यांचा मुलगा. हैदराबादला एका गोदामात मुकादम होता.

"सणाला का?"

"न्हाई. मला न्यायला. एकटं ऱ्हाऊ नका म्हनतोय. नातवाची खोली हाय, तिथंच खाट टाकलीय म्हनं." अंबाजींनी मिशीला लागलेला चहा पुसला. "पोरगं चांगलं हाय. सूनबी चांगली हाय. जातो मी."

"जायलाच पाहिजे," कल्लप्पा म्हणाले.

"तू कार्डाची घाई करू नको. पाडव्याला मी येतोच की. तवा नवं कार्ड बगू."

"व्हय. तसंच करू."

अंबाजी गेल्यावर कल्लप्पा बराच वेळ पडद्यासमोर बसले. पाडव्याला अंबाजी आलेच तरी दोन दिवसांसाठी येतील. सोयऱ्याधायऱ्यांत त्यांना इकडे यायला किती सवड मिळणार? आणि समजा, यायला जमलंच नाही तर? दुसरीकडे, हेमावतीचं म्हणणंही खरं होतं. वस्तू एकदाच घ्यायची, मग चांगली घ्यावी. आज घेतलं की तीन-चार महिन्यांत ते जुनं ठरणार, आणि मग पुन्हा काही सात-आठ वर्षं बदलणं होणार नाही. कधी इकडचं पटायचं, कधी तिकडचं. दोन दिवस त्यांचं काही ठरेना.

"एका खेळण्याचा किती विचार करायलाव ओ," त्यांच्या पत्नी गौरम्मा म्हणाल्या. त्या ओट्यावर बसून अमावस्येच्या भज्जीसाठी तुरीचे दाणे सोलत होत्या. भज्जी म्हणजे या भागात त्या दिवशी शेतात नेऊन खायची शेंगा-भाज्यांची पातळ भाजी. कल्लप्पांनी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना कार्डाबद्दल कमी आणि अंबाजींबद्दल जास्त बोलणं झालं.

गौरम्मांनी एक शेंग सोलून दाणे सुपात टाकले.

"तवाबी असंच केलंव तुमी. डेपोनं ती ना जुनी ना नवी, मधली गाडी देऊ केलती. बरी होती म्हनलाव. पर न्हाई, पुढच्या खेपेला कोरी करकरीत येनार, तीच घेतो म्हून थांबलाव."

ती कोरी गाडी दीड वर्षाने आली होती. तोवर जुन्याच गाडीत अंबाजींचे गुडघे गेले आणि त्यांना पासाच्या खिडकीवर बसवलं. नव्या गाडीत कल्लप्पांबरोबर दुसरा कंडक्टर चढला. चांगला होता तोही. पण पहिल्या दिवशी गाडी बाहेर काढताना खिडकीमागून अंबाजींनी हात हलवला होता. त्या वळणावर कल्लप्पांचा गियर खरकन वाजला, तो आवाज त्यांना अजून ऐकू यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्रावती शटर वर करत होती तोच ते दुकानासमोर उभे राहिले.

"नेत्राक्का, आत्ता मिळतंय ते कार्ड दे."

"काका! पाडव्याला पस्तावाल."

"पाडव्याला पस्तावतो की. आत्ता दे."

कार्ड कलबुर्गीहून मागवावं लागलं. ते अंबाजी निघायच्या आदल्या संध्याकाळी आलं. नेत्रावती स्वतः घरी येऊन बसली, कॉम्प्युटर उघडला, आणि मग कपाळाला हात लावला. कार्ड दोन बोटं जास्त लांब होतं. आतली एक पट्टी काढल्यावर ते बसलं, पण डब्याचं झाकण काही केल्या लागेना.

"नवा डबा आनते काका."

"कशाला? बॉनेट उघडंच ऱ्हाऊ दे. इंजिनाला वारं लागंल."

पुढे पाडव्याला नवी कार्डं आली. ती खरंच दुप्पट ताकदीची निघाली आणि किंमतही हेमावतीने सांगितली तेवढीच होती. तिने फोन करून ते कळवलंसुद्धा. "सांगत होते ना अप्पा!" "व्हय बाई, बरोबर सांगत होतीस," असं कल्लप्पा मोकळेपणाने म्हणाले. त्यांना वाईट वाटलं नाही. तीन महिन्यांपूर्वीची ती दुपार त्यांच्या पदरात पडली होती.

अमावस्येनंतरच्या त्या चौथ्या दिवशी शिवशंकर संध्याकाळी पाचला जीप घेऊन येणार होता. अंबाजींची एक ट्रंक आणि वळकटी तयार होती. तीन वाजता ते नेहमीसारखे काठी टेकत आले. धुतलेला सदरा होता, दाढी केलेली होती. उघड्या डब्यात फिरणारा पंखा त्यांनी वाकून पाहिला.

"हे काय? घेतलास व्हय? नको म्हनलो होतो की."

"बस. गाडीला उशीर व्हायलाय."

कल्लप्पांनी गाडी काढली. दुधनी झालं, मैंदर्गी झालं. मग ते शहर आलं. ओल्या रस्त्यावर दिव्यांचे लांब पट्टे पडले होते, दुकानांच्या काचांत बस जाताना दिसत होती, फुटपाथवर माणसं अंग चोरून चालली होती. सगळं एका लयीत मागे सरकत होतं. कल्लप्पांनी चोरून शेजारी पाहिलं. अंबाजींचे डोळे सताड उघडे होते.

"आता चालायलीय तुझी गाडी," ते म्हणाले. "ते बग, पावसात फुगे विकायलाय. येडं हाय."

अक्कलकोटला चाळीस माणसं चढली. अंबाजींनी सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं आणि राईट दिली. गाडी शहराबाहेर पडली. सरळ रस्ता लागला. इंजिनाचा एकसारखा घरघराट खोलीत भरून राहिला.

वळसंगचा थांबा जवळ आला, तरी हाक आली नाही.

कल्लप्पांनी मान वळवली. अंबाजी झोपले होते. हनुवटी छातीला टेकलेली, डावा हात मांडीवर सैल पडलेला, ओठ किंचित उघडे, घोरणं संथ. एकोणीस वर्षांत, रात्रीच्या शेवटच्या फेरीतही, गाडी चालू असताना या माणसाने डुलकी काढलेली कल्लप्पांनी पाहिली नव्हती.

त्यांनी स्पीकरचा आवाज थोडा कमी केला. वळसंगला गाडी अलगद उभी केली, दार उघडलं, माणसं उतरू दिली, दार लावलं. हॉर्न दिला नाही. गौरम्मा चहा घेऊन दारात आल्या. कल्लप्पांनी एक बोट वर केलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, मग कप घेऊन परत गेल्या.

सोलापूर आलं. त्यांनी लांबूनच वेग उतरवत आणला, इतका हळूहळू की गाडी नक्की कधी थांबली ते त्यांनाही कळलं नाही. सगळे उतारू उतरले. फेरी संपवायची का, असा प्रश्न पडद्यावर आला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती; जीप यायला अजून वेळ होता. कल्लप्पांनी हँडब्रेक लावला, पाय पेडलवरून काढून खाली जमिनीवर टेकवले आणि इंजिन तसंच चालू ठेवून बसून राहिले.