एका हाताची गाठ

शेंगदाण्याच्या रंगाची ती कुत्री आधी पाणी पाहून मागे सरू लागली, मग कुंपणाची तार चावत राहिली आणि आज उजाडताना मेली. झिओनेला संशय आला तो विषाचा. झोम्बा गावाच्या त्या टोकाला कुंपणावरून विषारी तुकडा टाकणारे शेजारी कमी नव्हते. पिसाळल्याची शंका तिला शिवलीही नाही, कारण कुत्रीच्या गळ्यात लाल चिंधी होती. ज्या कुत्र्याला लस टोचून झाली त्याच्या गळ्यात लाल चिंधी बांधायची, हा तिच्या कुत्र्यांच्या आश्रमाचा पहिल्यापासूनचा नियम.

कचिंग्वे आला. गुरांच्या दवाखान्यातला मदतनीस, पण सगळी वस्ती त्याला डॉक्टरच म्हणायची. त्याने हातमोजे चढवले, मेलेल्या कुत्रीची मान उचलली आणि चिंधीशी थबकला.

"बाई, ही कोणी बांधली?"

"तुम्हीच. मी तर दवाखान्यात होते."

ते खरं होतं. आईचं उजवं अंग लुळं पडलं तेव्हा झिओनेला तिच्या खाटेपाशीच मुक्काम ठोकावा लागला होता. रोग्यासाठी मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवायची, चादरी धुवायच्या, कूस बदलायची, हे सगळं घरच्या माणसाने करायचं. त्या दिवसांत कचिंग्वेने मागे राहून कुत्र्यांना लस टोचली. आणि दार बंद पाहून लोकांनी नकोशी कुत्री कुंपणावरून आत सोडली. सगळी गावठी, सगळी तांबूस, एका भांड्यातल्या दाण्यांसारखी. आईला घेऊन परत आल्यावर पहिले काही दिवस तिचंच करण्यात गेले; मग झिओनेने कुत्र्यांचे फक्त गळे पाहिले. सगळ्यांच्या गळ्यात लाल. तिने मनोमन कचिंग्वेचे आभार मानले होते.

"ही गाठ माझी नाही," कचिंग्वे म्हणाला. "मी दोन फेरे देऊन आवळतो. तुम्हीही तशीच मारता, मीच शिकवली. ही बघा. एकच फेरा, ढिला, आणि टोक चावलेलं."

झिओनेची नजर पडवीकडे गेली.

आई चटईवर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर तिचं जुनं लाल चितेंजे, नेसून नेसून मऊ झालेलं, एका कडेने फाडत आणलेलं. समोर एक पिल्लू. तिने डाव्या हाताने चिंधी पिल्लाच्या मानेभोवती फिरवली, एक टोक बोटांत धरलं, दुसरं दातांत, आणि मान मागे घेऊन ओढलं. पिल्लू तिचं तोंड चाटत होतं. आई हसत होती.

तिने सात लेकरं वाढवली होती. एकाला नवं कापड आणि दुसरं उघडं, असं तिच्या घरात कधी घडलं नव्हतं.

"आई! सोड त्याला!" झिओने धावली. "किती जणांना बांधलंस? त्या मेलेल्या कुत्रीला तूच बांधलीस का?"

"इन्दे," आई म्हणाली. हो.

"की डॉक्टरांनी?"

"इन्दे."

आजारानंतर आईपाशी हा एकच शब्द उरला होता. भूक लागली का, इन्दे. पोट भरलं का, इन्दे. झिओने तिच्या डोळ्यांवरून काय ते ओळखायची. आज डोळ्यांत नुसता आनंद होता.

कचिंग्वे मागे येऊन उभा राहिला. त्याचा आवाज उतरला होता. "दातांनी गाठ मारताना त्या कुत्रीची लाळ सरळ तोंडात गेली, बाई. तुमच्या सुया आश्रम उघडताना झाल्यात, आगोगोंच्या, तुमच्या आईच्या, नाहीत. मी कुत्रीचं डोकं तपासायला पाठवतो, पण उत्तराची वाट बघू नका. एकदा लक्षणं दिसली की देवसुद्धा हात टेकतो."

झिओनेने आईचं तोंड साबणाच्या पाण्याने धुतलं, पुन्हा धुतलं. आईने तिला डाव्या हाताने चांगली सणसणीत चापट मारली. आश्रम सुरू केल्यापासून झिओने वस्तीचं काय काय ऐकत आली होती, पण आईने हात उगारला नव्हता कधी.

नाक्यावर सायकल-टॅक्सीवाला लोंजेझो उभा होता. "काय हो कुत्र्यांच्या आई, आज म्हातारीला फिरायला?"

"दवाखान्यात. तिला तुझ्या पाठीशी बांधते, तोल जातो तिचा. हळू चालव."

"पाठीशी? माझी बायको विचारेल ना, ही कोण नवी! आगोगो, येता का पळून माझ्याबरोबर?"

"इन्दे," आई म्हणाली.

"बघा, पोरीची परवानगीही नाही घेतली!" लोंजेझो हसला. मग झिओनेच्या चेहऱ्याकडे पाहून पॅडल मारू लागला. झिओने कॅरियरला हात लावून चढभर शेजारून धावत राहिली.

नर्स म्बेवे दमलेली होती. "कुठे चावलं?"

"चावलं नाही. तोंडात लाळ गेली. कुत्री मेली आज."

"हे बघा ताई, फ्रिजमध्ये एका माणसापुरती लस उरली आहे. पुढची कधी येईल सांगता येत नाही. आता या दारातून कोणाचं तरी फाटलेल्या गालाचं पोर आलं तर मी त्याच्या आईला काय सांगू? एका म्हातारीला कुत्र्याने पापा दिला म्हणून संपली?" ती आईकडे वळली. "आगोगो, कुत्रा चावला का तुम्हाला?"

"इन्दे."

म्बेवेने झिओनेकडे पाहिलं. झिओनेने मान हलवायची, एवढंच करायचं होतं. तिची मान हललीही असती. पण म्बेवे कच्ची नव्हती.

"आगोगो, कुत्रा चावला नाही ना?"

"इन्दे."

"हं," म्बेवे म्हणाली आणि दाराकडे बघत हाक मारली, "पुढचे!"

झिओने उठली नाही. ओटीत कोंबून आणलेली, अजून कोणाला न बांधलेली लाल चिंधी तिने काढली, आईच्या मांडीवर ठेवली आणि आपलं उघडं मनगट पुढे केलं. आईने मनगट पाहिलं. उघडं आहे हे तिला पटलं. चिंधी फिरवली, टोक दातांत धरलं, वाकली. तिचे ओठ झिओनेच्या कातडीला टेकले, नाक टेकलं, गाल टेकला. गाठ बसेना. तिने चिंधी तोंडात आणखी आत घेतली, चावली, ओढली. मनगट ओलं झालं.

म्बेवे उभी राहून बघत होती. "असं किती कुत्र्यांना?"

"माहीत नाही."

म्बेवेने फ्रिज उघडला. "माझ्या आईने अशी गाठ मारली असती तरी मी तिला दिली नसती कदाचित," ती पुटपुटली. "बाही वर करा आगोगो. आणि ताई, उरलेल्या सुयांना चुकलात तर ही वाया. घरी आगोगो त्या कुत्र्यांजवळ पुन्हा गेल्या तरी वाया."

परतल्या तेव्हा कचिंग्वे फाटकात मरणाच्या सुयांची पेटी घेऊन बसला होता.

"वेगळी ठेवू," झिओने म्हणाली. "नव्याने टोचू."

"ज्यांच्यात रोग आतल्या आत शिजतोय त्यांना आता टोचून काय? महिनोन्‌महिने वेगळी ठेवायला जागा कुठे आहे? आणि आगोगोंना कोण अडवणार, तुम्ही बाजारात गेलात की?"

झिओने एकेक मान चाचपत कुंपणाच्या कडेने निघाली. दोन फेरे, घट्ट: सोड. दोन फेरे: सोड. एक फेरा, टोक चावलेलं: ती कुत्र्याला उचलून कचिंग्वेकडे नेई, डोकं मांडीवर धरून बसे, आणि तो सुई देई. पिल्लूही गेलं. सातवं संपलं.

शेवटी तिसियेनी उरली. म्हणजे 'आम्हाला राहू द्या'. शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून झिओनेने तिचं नाव ठेवलं होतं आणि रोज मुद्दाम मोठ्याने हाक मारायची. तिच्या गळ्यातली चिंधी लोंबत होती, टोकं भिजून चिकटलेली. तिसियेनीला स्वतःचीच चिंधी चघळायची खोड होती. गाठ इतकी चावलेली की फेरा एक की दोन, कळायला मार्ग नव्हता.

"हिला टोचल्याचं आठवतंय?" झिओनेने विचारलं.

कचिंग्वेने ती मान पुन्हा चाचपली. "अशा रंगाच्या कितीतरी टोचल्या, बाई. खोटं कसं सांगू?"

झिओने तिसियेनीला घेऊन पडवीपाशी गेली, पण पायरी चढली नाही. दुरूनच तिने चिंधी वर धरली.

"आई, ही तू बांधलीस?"

उत्तर काय येणार हे तिला ठाऊक होतं. कचिंग्वेलाही ठाऊक होतं, त्याने मान फिरवली. तरी तिने विचारलं होतं, आणि आता ती वाट पाहत उभी राहिली.

आईने मान वाकडी करून नीट पाहिलं. तिला घाई नव्हती.

"इन्दे," ती म्हणाली.

कचिंग्वेने पेटी उघडली.