दोनशे तासांची वही

मी एक वही बोलतेय. निळ्या पुठ्ठ्याची, आडव्या पानांची. विमान शिकणारी मुलं मला लॉगबुक म्हणतात. कोण, कधी, कोणत्या विमानातून, किती वेळ उडालं आणि शेजारी शिक्षक होते की नाही, हे सगळं माझ्यात लिहायचं. दोनशे तास भरले की व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्या दोनशेसाठी मला छापलं, आणि त्या दोनशेनीच मला मेटाकुटीला आणलं.

माझी मालकीण शिवकन्या, गंगाखेडची. वडील दत्तराव एसटीचे ड्रायव्हर, आई कोकिळाबाई घरी शिवणकाम करते. बारावीनंतर सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि पोरगी परराज्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेत गेली. तिथं विद्यार्थी चाळीस आणि विमानं तीन. त्यातलं एक कायम दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं.

सकाळी सहाला ती पांढरा गणवेश घालून बाकावर बसायची. मी मांडीवर. आज धुकं. आज वारा आडवा. आज चाकाचा भाग यायचाय. आज सर रजेवर. दुपारी बारा वाजता आम्ही खोलीवर परत. माझ्यात इतके रकाने आहेत, पण वाट पाहण्याला एकही नाही. कित्येक महिन्यांत माझ्यात दोनच ओळी पडल्या. पाहणाऱ्याला वाटावं, पोरगी आळशी आहे.

सुट्टीत गावी गेलो की जो तो विचारायचा. एकदा तिचे आजोबा, सटवाजी, विचारत होते, "किती झाले गं तास?"

"एकशे तीस."

"आन लागतेत किती?"

"दोनशे."

म्हाताऱ्यानं बोटांवर मोजलं. "दोनशे तास म्हंजी आठ दिवस आन वर आठ तास. तीन वर्सं झाली, तू काय करायलीस तिथं?"

सगळे हसले. तीही हसली. पण त्या सुट्टीत तिनं मला पिशवीतून एकदाही बाहेर काढलं नाही.

मग ते झालं. सह्यांसाठी सगळ्यांच्या वह्या ऑफिसात मागवल्या होत्या. मी परत आले तेव्हा माझ्या पानावर तीन ओळी जास्त होत्या. साडेसहा तास. अक्षर तिचं नव्हतं, खाली शिक्षकांची सही मात्र होती. बेरीज एकशे शहात्तर तास दहा मिनिटं. त्या तिन्ही दिवशी शिवकन्या गंगाखेडला होती, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला.

ती मला घेऊन प्रमुख शिक्षक ओमप्रकाश सरांकडे गेली.

"सर, हे मी उडवलेलं नाही."

"माहीत आहे. तुझे लवकर भरावेत म्हणून टाकले. सगळ्यांच्याच वहीत टाकलेत."

"पण मी उडालेच नाही."

"मग खोडून टाक," सर खालमानेनं म्हणाले, "आणि बस बाकावर."

तिनं खरंच खोडलं. तिन्ही ओळींवर पट्टीनं एकेक रेघ, बाजूला आपली आद्याक्षरं. एकशे एकोणसत्तर तास चाळीस मिनिटं. खोट्या ओळी अंगावर घेऊन फिरण्याची मला लाज वाटत होती. ती रेघ बसल्यावर बरं वाटलं. पण तेव्हापासून उड्डाणांच्या यादीत तिचं नाव लागेना.

तिनं वडिलांना फोन केला. दत्तराव आधी भडकले. "बाकीच्या लेकरायचं झालं न्हवं? तुलाच कामून टोचायलंय?" मग ते म्हणाले, "माझ्या गाडीत साठ माणसं बसतेत, बाई. येत नसताना येतंय म्हणून गाडी हातात घिऊ नये. ये घरी."

आम्ही घरी आलो. दुसऱ्या संस्थेत जायचं तर पहिलीकडून तासांचा दाखला हवा. तो मिळेना. तिनं पत्रं लिहिली, फोन केले, दोनदा स्वतः जाऊन आली. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." मी कपाटात, शिवायला आलेल्या ब्लाउजांच्या गठ्ठ्याखाली. सव्वा वर्ष! ती रोज पुस्तकं उघडून बसायची, आणि शेजारणी कोकिळाबाईंना विचारायच्या, "विमान सोडलं का वो पोरीनं?"

दाखला आला तेव्हा दुसरंच संकट उभं राहिलं. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतलेच तास मोजतात. म्हणजे माझी सुरुवातीची पानं आता गळायला लागणार होती. भरलेली, खरी, घाम गाळून मिळवलेली.

नव्या संस्थेत सुकेशनी मॅडमनी मला उघडलं. एकेक पान वाचत त्या खोडलेल्या ओळींपाशी थांबल्या.

"हे कुणी खोडलं?"

"मीच."

"का?"

"उडाले नव्हते."

मॅडमनी पान उलटलं. "उद्या सहाला ये."

उद्या धुकं होतं. परवाही. चौथ्या दिवशी ती पन्नास मिनिटं उडाली. उतरल्यावर बाकावर बसून माझ्यात ओळ लिहिली. मग तारखा पाहिल्या. त्याच आठवड्यात सगळ्यात जुनी चाळीस मिनिटं पाच वर्षांची होऊन मोजणीतून गेली होती. तिनं कडेला पेन्सिलीनं लिहिलं: एकूण वाढ दहा मिनिटं. पेन्सिल खाली ठेवली आणि गणवेशाच्या बाहीनं डोळे पुसले.

आज मी पुन्हा तिच्या मांडीवर आहे. यादीत तिचं नाव सातवं, विमान एक, आणि वारा वाढतोय. तुमच्या गल्लीत अशी एखादी पोरगी सुट्टीला आली, तर "किती झाले?" हे तेवढं विचारू नका. चहा द्या. आणि कुणी तिची वही सहीसाठी मागितली, तर परत देताना ती होती तशीच द्या.