निळ्या नकाशांची चौकट

मित्रांनो, कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी आहे ना, ती जुनी काचेची चौकट म्हणजे मी. मोहिउद्दीन मिस्त्रीने मला सागवानातून घडवले, जाड काच बसवली, आणि छप्पन साली मी वणीजवळच्या एका कोळशाच्या खाणीत आले.

माझे काम उन्हाचे. काचेखाली खाणीचा नकाशा, त्याच्यामागे औषध लावलेला कागद. ऊन लागेल तिथे कागद निळा व्हायचा. रेघांच्या सावलीतले औषध तसेच पिवळे राहायचे. ते पाण्याने धुऊन गेले की पांढऱ्या रेघा उमटायच्या, बुवांनी कीर्तनात पदाचा अर्थ उकलावा तशा.

छापणारे वाहिदभाई. त्यांच्या हाताखाली लखीराम शिकू लागला. बोटे ठेचल्यापासून त्याचे खाणीत उतरणे बंद झाले होते. पहिले कागद त्याने भर उजेडातच उघडले. सगळे निळे!

"काय बे, आभाळ छापून राह्यला काय?" वाहिदभाई म्हणाले.

"शिकून राह्यलो ना भाई!"

"शीक. पण धुण्यात कंजूशी नको. पाणी साफ निघेस्तोवर धू. औषध राह्यलं तर रेघ निळी होऊन मरते."

उन्हाळ्यात नदी आटली. लखीरामची वहिनी कोकिळा दूरच्या झऱ्याचे पाणी डोक्यावर वाहून आणी, वस्तीसाठी आणि आमच्या कागद धुण्याच्या टाकीसाठीही. तेव्हा शेजारी मारुतीच्या पारावर कीर्तन सुरू होते. तहानलेल्याच्या मुखी पाणी घालणे हीच पूजा, असे बुवा आळवून सांगत. माझी काचसुद्धा थरथरायची. लखीराम टाळ धरून बसे आणि डोळे पुसत परते.

वाहिदभाई ईदसाठी फुलसावंगीला गेले, आणि नेमकी तेव्हाच एका नकाशाची तातडीची मागणी आली. पाण्याने भरलेल्या जुन्या बोगद्याची बारीक तुटक रेघ त्यात होती. लखीरामने ऊन बरोबर दिले. कागद एका बादलीच्या पाण्यात बुडवला आणि दुसरी बादली उचलता उचलता तो थांबला.

"धुवा ना भाऊजी," कोकिळा म्हणाली.

"राहू दे वयनी. लेकरायले लागन. कागदाच्या नरड्यात कायले ओतू?"

पुण्य घडल्याच्या समाधानात त्याने कागद उन्हात वाळत घातला. ती बारीक रेघ हळूहळू निळी होत गेली. मी पाहत होते, पण मला वाचा कुठली?

नकाशा खाली गेला. त्या पाळीत लखीरामचा थोरला भाऊ सेवादास होता, कोकिळेचा धनी. कागदावर पुढे भरीव कोळसा दिसत होता. पहार बसली आणि जुने पाणी आत फुटले. सेवादास आणि त्याचे सोबती वर आलेच नाहीत.

वाहिदभाईंनी परतल्यावर तसाच दुसरा कागद छापून पाहिला. रेघ ठसठशीत उमटली. त्यांनी विचारले, "दुसरं पानी देल्लं होतं?"

लखीरामने फक्त मान हलवली. नाही.

टाळ खुंटीला लागले. पुढे एकदा नकाशा छापायचा आला, तेव्हा तो टाकीपुढे कागद धरून नुसता बसून राहिला. मोकळ्या कपाळाची कोकिळा दोन घागरी घेऊन आली. एक तिने टाकीत रिकामी केली. तो हलेना. तिने दुसरीही ओतली.

"धुवा भाऊजी. खाली अजून कोनाचे तरी मानसं हायेत. कमी पडलं तर आनतो."

तो धूत राहिला. पाणी केव्हाच साफ निघू लागले होते.

मित्रांनो, आता माझी काच तडकली आहे. कधी अंगणात आडवी टाकून माझ्यावर मिरच्या वाळवतात. मला पुसले नाहीत तरी चालेल. पण कुणाच्या जिवाची रेघ तुमच्या हाती आली, तर दुसरी बादली उचलताना थांबू नका.