आडवं माप

तीन आठवडे घरात नुसती कुजबुज चालली होती आणि मास्तरांना तिचा अगदी वीट आला होता. चाळीस वर्षं पँटी शिवलेला माणूस. लोकांच्या पोटांची खडान्‌खडा माहिती. पण स्वतःच्या पोटात काय शिजतंय ते कोणी सांगेल तर शपथ. "मूळव्याध आहे बाबा, छोटंसं ऑपरेशन," असं मुलगा म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. अरे, मूळव्याधीने कोणी पंधरा किलो झडतं का? संडासात रक्त, पोट तट्ट फुगलेलं, अंगाला तो वास. मास्तरांना स्वतःची किळस यायची, आणि ह्या खोटारडेपणाची त्याहून जास्त.

शेवटी त्यांना ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती केलं. त्या दुपारी वॉर्डातली सिस्टर आली. तिने मास्तरांना आडवं केलं, सदरा वर सारला आणि नाभीच्या डावीकडे काळ्या पेनाने ठिपका काढला. दारात उभा मुलगा तिला 'आटपा लवकर' अशा खुणा करत होता.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही, तपासणी," मुलगा म्हणाला.

मास्तरांचं डोकंच सणकलं. "गाढवा, मला शिकवतोस? खूण केली म्हणजे कात्री लागणार! मूळव्याध काय पोटावर असते?"

ते उठून बसले आणि खाली बघतात तर ठिपका गायब! लोंबलेल्या कातडीच्या वळीत गडप झालेला, नेमका पँटच्या पट्ट्याच्या जागी.

"शी! माप घेताना गिऱ्हाइकाला आडवं झोपवतात का? डॉक्टरांना बोलवा. आणि तू, पळायचं नाही."

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून समोर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. आतड्याचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोहोचलेला. मळाची वाट बंद होत आलेली, म्हणून आधी आतड्याचं तोंड पोटावर काढायचं आणि तिथे पिशवी लावायची. मग केमो, तीन महिन्यांनी स्कॅन, मग पुढचं. पूर्ण बरं होईल असं वचन नाही.

"खूण करताना बसवून, उभं करून बघायचं असतं," त्या ओशाळून म्हणाल्या. "पण तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून घरच्यांनी घाई केली. आमचंही चुकलं. वळीत पिशवी चिकटत नाही."

"मग काय होतं?"

"गळते. रोज."

मास्तरांनी सदरा खाली ओढला. स्वतःचा मळ, सदऱ्याखाली, मरेपर्यंत! आणि तो ह्या लाडक्याच्या लपवाछपवीपायी.

"तुम्हाला सोसलं नसतं, बाबा," मुलगा रडायला लागला.

"मला, की तुला?" सकाळपासून त्याच्या नाकावरचा रुमाल मास्तरांनी पाहिला होता.

मग ते उभे राहिले, पँट चढवली, वाकले, बसले. "दोन बोटं वर. हां, इथे." सिस्टरने जुना ठिपका पुसून नवा काढला. "पिशवी लावा," मास्तर म्हणाले. "केमो सुरू करा. झेपलं नाही तर थांबवायचं मी सांगेन. मी, हा नाही."

"पिशवी बदलायला घरातलं कोण शिकणार?" सिस्टरने विचारलं.

मास्तरांनी मुलाचा हात धरून ओढला आणि त्याचं बोट ठिपक्यावर टेकवलं. "इथे. नीट बघून ठेव. मला जमेल तोवर मी करेन, नंतर तुलाच पुसायचंय."

मुलाचं नाक मुरडलेलंच होतं. पण मास्तरांनी हात सोडला तरी बोट तिथून हललं नाही.