बटण दाबत सुटलेले काका

गप्पाकाकांचं केस कापायचं दुकान होतं आणि तिथे कात्रीपेक्षा काकांची जीभ जास्त चालायची. मधे बोटांचे सांधे सुजून आखडले, तेव्हा दोन्ही बंद पडल्या. मग एक गोळी लागू पडली, बोटं वळायला लागली आणि काकांनी त्या गोळीला देवच मानलं. ती वर्षानुवर्षं घेतली की कुणाकुणाच्या डोळ्याच्या पडद्याला इजा होते, म्हणून दरवर्षी डोळे तपासायचे असं ठरलेलं होतं.

यंदा मेहुण्याच्या कानामागे केसांचा झुपका तसाच राहिला. मेहुणा हसला, पण काकांना तो झुपका दिसलाच नव्हता. पेपर वाचतानाही एखादं अक्षर गायब व्हायचं, नजर हलवली की परत यायचं. सांगावं तर गोळी बंद, बोटं बंद, दुकान बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

तपासणी सोपी होती. पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवायची, नजर मधोमध ठेवायची आणि आजूबाजूला उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. काका दिसला तरी दाबत होते, नाही दिसला तरी दाबत होते.

डॉक्टरीणबाई निकाल बघून म्हणाल्या, "काका, मशीन मधेमधे ठिपका दाखवतच नाही. तेव्हाही तुम्हाला दिसला?"

पितळ उघडं पडलं. काकांनी मान खाली घातली. "मला हात हवेत हो. दुकान बंद झालं तर दिवसभर बोलू कुणाशी?"

"सांध्यांसाठी दुसरी औषधं आहेत की! पडद्याची इजा मात्र भरून येत नाही. बसा परत, आणि आता खरं दाबा."

या वेळी कितीदा तरी अंगठा नुसताच बटणावर थांबला. ते थांबणं काकांना फार जड गेलं.

इजा थोडी होती, वेळेवर सापडली होती. बाईंनी लगेच सांध्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि गोळी बदलायचं ठरलं. काकांचा जीव भांड्यात पडला.

बाहेर बाकावर काकू होत्या. काका शेजारी बसले. "अगं, मला मधेमधे दिसत नाही. बरेच दिवस झाले."

"मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होते."

काकांना लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

"साऱ्या जगाशी गप्पा मारता," काकू म्हणाल्या, "आणि एवढी एक गोष्ट बायकोला सांगायला मशीन लागलं!"