रांगोळीतली कोरी जागा

गावचा नकाशा आम्ही बायांनी देवळासमोर रांगोळीने काढला. २००३च्या शिमग्यानंतर माती, झाडं-किडे आणि जमिनीचं नियोजन असे निरनिराळे विषय शिकणारी मुलं आमच्या गावात एकत्र प्रशिक्षणाला आली होती. त्यांचे देवदत्त सर म्हणाले, गाव तुमचं, तेव्हा नकाशाही तुम्हीच काढा. आम्ही पावसाळ्यात वाहणारा पऱ्या काढला, खालच्या खलाटीतली भातशेती, वरचा कातळाचा सडा, आंब्याची कलमं, विहीर. पऱ्याच्या वळणापाशी एक जागा कोरी राहिली.

"इथं काय आहे?" सरांनी विचारलं.

 माझी धाकटी जाऊ गंगा म्हणाली, "तिथं काय नाय."

तिथे आमच्या गावची दात न आलेली पोरं पुरतात. त्या जागेला नाव नाही, आणि बायका तिचा विषय काढत नाहीत. पोर गेलं की पुरुष कापडात गुंडाळून नेतात, आई घरीच राहते. गंगाची मुलगी अशीच गेली होती. तिचे वडील, सदू भावोजी, तिला ठेवून आले, अंघोळ केली आणि चार दिवसांनी मुंबईला कामावर निघून गेले. कुठल्या झाडाखाली ठेवलं ते त्यांनी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. आता विचारायला तेही राहिले नाहीत.

संध्याकाळी कळलं, सरांना मातीचे थर दाखवायला खड्डा खणायचा आहे आणि त्यांनी तीच जागा निवडली आहे. गावात नांगर न लागलेली तेवढीच. गंगा मला घेऊन सरपंचाकडे गेली. सरपंच हरिश्चंद्र मुंबईत वाढून गावी आलेला, त्याला त्या जागेचं ठाऊक नव्हतं. पडवीत मुलं चहा पीत बसली होती. त्यांच्यासमोर गंगा एवढंच म्हणाली की तिथं नको खणूस, बाबा.

"का गो काकी? सोनं पुरलंयस काय?"

मुलं हसली. काही नाही असं तूच सांगितलंस ना, असंही तो म्हणाला. गंगा पदराचं टोक पिळत उभी राहिली. चारचौघांत माझीही जीभ उचलली नाही. आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी खड्डा झाल्यावर सरांनी बायांना बघायला बोलावलं. जन्मात पहिल्यांदा आम्ही तिथे पाय ठेवला. माती काळी, मऊ. आमच्या जांभ्याच्या मुलखात अशी बघायला मिळत नाही. काठावर एक भरलेली पिशवी होती. तिच्यावरची चिठ्ठी मी अक्षर लावत वाचली: पडीक जमीन. सर खुशीत होते. ढेकूळ फोडून त्यांनी समजावलं की मातीत जे जे मरतं, पानं, मुळं, किडे, ते कुजून हा काळा रंग येतो. गंगा त्यांच्या हाताकडे बघत होती.

मनस्विनी नावाची मुलगी खड्ड्यात उतरून मुळं मोकळी करत होती. ती तळहातावर मणी घेऊन वर आली. काळे, मधेच एखादा पांढरा.

"कुणाचे पडले हे?"

गंगाने हात पुढे केला. शेजारच्या आनंदीबाईनेही केला. दोघींचे हात तिथेच थांबले. गावातल्या प्रत्येक तान्ह्याच्या मनगटाला तेच मणी बांधतात, एकाच कासारणीकडचे.

"आमची पोरं हायत इथं," गंगा म्हणाली.

सरांनी हातातली माती खाली ठेवली. मणी होते तिथे ठेवून मुलांनी खड्डा बुजवला, काठावरची पिशवीही त्यात रिकामी केली. पण बाकीच्या पिशव्या सकाळच्या जीपने प्रयोगशाळेत गेल्या होत्या. सरांनी परत मागितल्या. तोवर ती माती कुटून, चाळून, तिच्यात औषधं घालून झाली होती.

पावसाळ्यात तिथे जमीन खचली. गंगा खलाटीतली माती टोपलीने नेऊन टाकते. पुढच्या पावसाला पुन्हा खोलगा पडतो.

एकदा टोपली उचलताना तिने विचारलं, "आक्का, ती पिशवीतून तर गेली नसंल ना?"

मी टोपली दुसऱ्या बाजूने धरली.