पाल्याचं माप

अंकुश पिंकीच्या फ्रॉकचं बटण लावत होता. लावता लावता त्याची बोटं बटणावरच थांबली. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला.

"आई, बाबा तोंड वाकडं करून राह्यला!" पिंकी खिदळली.

चुलीपाशी तिची आजी बुधरीही हसली. "काऊन रे, पोरीले वेडावून दाखवून राह्यला?"

दीपिका हसली नाही. तिनं नवऱ्याचा उजवा हात उचलला नि सोडला. परक्या माणसाचा असावा तसा तो खाटेवर पडला.

तीन वर्षांपूर्वी अंकुशच्या हृदयाची खराब झडप काढून धातूची बसवली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी दीपिका रोज स्वतः त्याच्या जिभेवर ठेवायची. एकही दिवस चुकला नव्हता. गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचेस्तोवर ॲम्ब्युलन्समध्ये ती हेच घोकत होती. एकही दिवस नाही.

"झडपेवर रक्ताची गुठळी धरली, ती सुटून मेंदूत अडकली," जाग्या अंकुशच्या खाटेपाशी उभ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जीव वाचेल. बोलणं यायला वेळ लागेल. गोळी बंद केली होती?"

"नाही मॅडम. माझ्या हातानं देते."

"महिन्याची रक्ततपासणी?"

"नाल्याले पूर होता. या खेपेला राहिली."

"खाण्यात काही बदल?"

दीपिकाला अंकुशचं ताट आठवलं. आखाडीच्या सणाला नवी रानभाजी देवाला दाखवून झाली, तशी घरात रोज तरोट्याच्या पाल्याची भाजी. अंकुश फिका दिसतो, पाल्यात लोह असतं, म्हणून दोन्ही वेळ ताटभर. "किती पाला चारतं वो, बकरी हाय का थो?" बुधरीनं विचारलं होतं. तेव्हा कॉलेजात शिकलेलं लोह तिनंच सासूला समजावलं होतं.

"तरोटा," ती कशीबशी म्हणाली. "दोन्ही टाइम."

"अहो, एकदम एवढ्या पाल्यानं गोळीचा जोरच जातो! एवढा वाढायला सांगितलं कुणी?"

"मी, बाई," बुधरी पुढं झाली. "अनाडी बाई मी. सून तर नोको म्हने."

दीपिका काही बोलणार, तोच सासूनं तिचं मनगट आवळलं. डॉक्टरीणबाई बुधरीला रागावत राहिल्या. ती खाली मान घालून हो हो म्हणत राहिली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर दीपिकानं सासूच्या मुठीतून मनगट सोडवून घेतलं. "काऊन खोटं बोलल्या, मामी?"

"अंकुश आयकून राह्यला होता वो," बुधरी म्हणाली. "उद्यापासून त्याले तुयाच हातचं खा लागन."